त्वचा आणि स्नायूंच्या मधला थर

पायाचं डिसेक्शन, म्हणजे शिकण्यासाठी मृतदेहाची चिरफाड, सुरू झालं की वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना स्नायू गाठायची घाई होते. त्वचा सोलायची, तिच्याखालची पिवळी चरबीही तिच्यासोबतच खरवडून काढायची, की लगेच 'खरं' डिसेक्शन सुरू, अशी त्यांची समजूत असते. टेबलापाशी असले तर मी तिथेच थांबवते. ज्या माणसाने देहदान केलं, त्याच्या शरीरातलं जे पुन्हा जोडता येणार नाही ते घाईत कापू नये, हे एक कारण. दुसरं असं की पायाच्या कितीतरी तक्रारी या चरबीच्या थरातच जन्माला येतात. फुगलेल्या शिरा, घोट्यावरची न भरणारी जखम, जांघेतली गाठ, मांडीची आग. माझं म्हणणं एवढंच आहे की या थरात शीर (हृदयाकडे रक्त परत नेणारी नळी), चेता (नर्व्ह) आणि लसीकावाहिनी (ऊतींमधला पाण्यासारखा द्रव वाहून नेणारी बारीक नळी) शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे त्या शेजारासकट शिकाव्यात.

ग्रेट सॅफेनस ही शरीरातली सर्वांत लांब शीर. पावलाच्या वरच्या बाजूला शिरांची जी कमान दिसते, तिच्या अंगठ्याकडच्या टोकापासून ती निघते आणि आतल्या घोट्याच्या पुढून वर चढते. मागून नव्हे, पुढून. मग पोटरीच्या आतल्या अंगाने, गुडघ्याच्या वाटीपासून साधारण हाताच्या रुंदीइतकी मागे, मांडीवरून पुन्हा पुढे येत जांघेपर्यंत. तिथे डीप फॅसियात, म्हणजे स्नायूंवरच्या घट्ट पडद्यात, तिच्यासाठी एक खिडकी आहे. तिच्यातून आत शिरून ती फेमोरल व्हेनला, म्हणजे मांडीतल्या मोठ्या खोल शिरेला, मिळते. मांडीत तिचे फाटे माणसागणिक बदलतात, पण घोट्यापुढची जागा जवळजवळ कधीच चुकत नाही. म्हणून रक्तस्रावाने सगळ्या शिरा बसलेल्या रुग्णात, काहीही दिसत नसताना, तिथे छेद देऊन ही शीर शोधता येते.

गुडघ्याखाली मात्र ती एकटी नसते. सॅफेनस चेता तिला चिकटून चालते आणि पायाच्या आतल्या बाजूची, थेट अंगठ्याच्या मुळाजवळपर्यंतची संवेदना तिच्याकडे असते. शिरेभोवती दोरा बांधताना चेताही गाठीत सापडली, तर रुग्णाला पावलाच्या आतल्या कडेने कळ जाते. फुगलेली शीर ओढून काढायच्या शस्त्रक्रियेत गुडघ्याखाली न जाण्याकडे सर्जनचा कल असतो, तोही याच शेजारणीमुळे.

१९६७ मध्ये सर्जन रेने फावालोरो यांनी पायातली हीच शीर हृदयाच्या बायपाससाठी वापरली आणि पुढे ती पद्धत जगभर रुळली. शीर उलटी करून जोडतात, कारण तिच्यातल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. ऑपरेशननंतर घरचे विचारतात, "छातीचं ऑपरेशन झालं, मग घोट्याजवळ बधिर का लागतंय?" उत्तर सॅफेनस चेतेत आहे. मला वाटतं, ते ऑपरेशनच्या आधीच सांगितलं पाहिजे. घाबरलेल्या माणसाला कारण कळलं की निम्मा भार उतरतो.

आता झडपांकडे येते, कारण माझा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. इटलीतल्या पादुआमध्ये शरीररचना शिकवणाऱ्या फॅब्रिशियसने या झडपा दाखवल्या होत्या, पण रक्त खाली साचू नये म्हणून त्या त्याचा वेग कमी करतात असं त्याला वाटत होतं. तिथेच शिकलेल्या हार्वेने १६२८ मध्ये त्यांचा खरा अर्थ लावला: शिरांतलं रक्त फक्त हृदयाकडे जातं. पायात याला आणखी एक पैलू आहे. वरवरच्या शिरा आणि खोल शिरा यांना जोडणाऱ्या परफोरेटर शिरांमध्येही झडपा असतात आणि त्या रक्त बाहेरून आत, म्हणजे खोल शिरांकडे सोडतात. पोटरीचे स्नायू आवळले की खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. स्थिर उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेतला दाब ९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. चालायला लागलं की तो ३० च्या घरात उतरतो. परफोरेटरची झडप निकामी झाली, की पोटरी आवळताना तेच रक्त उलटं त्वचेकडे फेकलं जातं. शीर फुगते, वळणं घेते. आतल्या घोट्याच्या वरची कातडी काळवंडते, कडक होते आणि साध्या खरचटण्याचीही जखम होऊन बसते. मलम बदलत राहून ती भरत नाही. आधी दाब उतरवावा लागतो, म्हणून पाय उंच ठेवणं आणि, रोहिणीचं (धमनीचं) रक्त नीट पोचतंय हे तपासून, दाब देणारी पट्टी.

स्मॉल सॅफेनसचं थोडक्यात: बाहेरच्या घोट्याच्या मागून निघते, पोटरीच्या मधोमध चढते, गुडघ्यामागे आत शिरते. सोबतीला सुरल चेता, जिचा तुकडा दुसरीकडच्या तुटलेल्या चेतेला जोडायला वापरतात.

लसीकावाहिन्या डिसेक्शनमध्ये सहसा दिसतच नाहीत, म्हणून मुलं त्या सोडून देतात. पण त्या याच दोन शिरांच्या वाटेने जातात, हे कळलं की अर्धं काम झालं. अंगठ्याला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं, म्हणजे तिथल्या लसीकाग्रंथी सुजतात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही ठाऊक असतं. बाहेरच्या टाचेची जखम मात्र आधी गुडघ्यामागच्या ग्रंथींकडे जाऊ शकते. आणि जांघेतल्या ग्रंथींकडे फक्त पायाचीच लसीका येत नाही. बेंबीखालची पोटाची कातडी, ढुंगण, गुदद्वाराचा खालचा भाग, बाह्य जननेंद्रियं, सगळं तिथेच. जांघेत गाठ दिसली तर बेंबीपासून पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत तपासा. लाजेने अर्धी तपासणी सोडणं मला मान्य नाही. हत्तीरोगाचे जंत याच वाहिन्यांत ठाण मांडतात. सुजलेल्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरता आली नाही, तर सूज लसीकेची आहे असं समजायला चांगला आधार मिळतो.

चेतांपैकी एक तर डोळ्यांनी बघता येते. पाऊल खाली आणि आत वळवून चौथं बोट खाली वाकवा. बारीक पायांमध्ये घोट्यापुढे कातडीखाली एक तणावलेली दोरी उठते, ती सुपरफिशियल पेरोनियल. मांडीच्या बाहेरच्या बाजूची चेता कमरेच्या हाडाजवळून येते. घट्ट पट्ट्याने ती दबली तर मांडी जळते, मुंग्या येतात, पण पायातला जोर जात नाही.

पावलाच्या वरच्या बाजूचा बहुतेक भाग सुपरफिशियल पेरोनियलचा, पण अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधली बेचकी डीप पेरोनियलची, म्हणजे स्नायूंमधून खोल जाणाऱ्या तिच्या जोडीदार चेतेची. नडगी मोडून प्लास्टर घातलेला रुग्ण औषध देऊनही वाढत्या वेदनेने कण्हत असेल, बोटं हलवताच ओरडत असेल, तर त्या बेचकीला कापसाने स्पर्श करून बघा. तिथे बधिर वाटत असेल, तर स्नायूंच्या बंद कप्प्यातला दाब वाढत असण्याची दाट शंका घ्या. नाडी लागते म्हणून निर्धास्त होऊ नका. प्लास्टर लगेच फोडा आणि सर्जनला बोलवा.