वरच्या थरात न आलेलं सीसीसी

२०१० च्या हंगामात युरोपला गेलेले आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा मी नाशिकच्या एका रेसिड्यू लॅबमध्ये, म्हणजे फळांत उरलेले औषधांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, नवीनच लागले होते. कारण होतं सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड. खरड छाटणीनंतर शेंड्याचा जोर कमी व्हावा म्हणून बागायतदार ते मारायचे. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम.

दिंडोरीकडचे एक काका रिपोर्ट घेऊन आले. "ताई, ह्यात तर कायीच निघालं नव्हतं. मग तिकडं कसं काय निघालं?"

आमच्या तपासणीच्या यादीत सीसीसी नव्हतंच, हे खरं उत्तर. पण त्यांचा माल परदेशी बंदरात पडून होता. एवढं सांगून त्यांना वाटेला लावणं मला जमेना. शिवाय मला वेगळीच शंका छळत होती. यादीत असतं, तरी आमच्या पद्धतीनं ते सापडलं असतं का?

सीसीसीची बाटली काकांच्याच गाडीत होती. नळीत पाणी आणि ॲसिटोनायट्राईल हे द्रावक निम्मंनिम्मं घेतलं, त्यात सीसीसीचा एक थेंब आणि थोडं क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक. दोन्ही द्रव ध्रुवीय, त्यामुळे एकजीव झाले. मग साधं मीठ घालून नळी जोरात हलवली आणि काकांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीशी धरली. आधी पाकासारख्या रेघा फिरल्या, मग मधोमध सुरीनं कापावी तशी रेष उमटली. मिठाचे आयन पाण्याचे रेणू स्वतःभोवती गोळा करतात. ॲसिटोनायट्राईलला धरून ठेवायला पुरेसं पाणी उरत नाही, ते सुटं होऊन वर येतं. आम्ही नेहमी हाच वरचा थर मशीनला द्यायचो.

वरच्या थरात क्लोरपायरिफॉसचा पीक, म्हणजे मशीनच्या आलेखातला उंचवटा, भलामोठा आला. त्याला पाण्याचं वावडंच. सीसीसीच्या जागी मात्र जवळजवळ सपाट रेघ. खालचं पाणी भरपूर पातळ करून दिलं, आणि १२२ वस्तुमानावर पीक उभा राहिला! सीसीसीच्या नायट्रोजनवर कायमचा धनप्रभार असतो. ते स्वतःच आयन.

"म्हंजे मिठानं त्याला खाली दाबून धरलं?"

"मिठानं नाही काका, पाण्यानं. मिठाला धरतं तसंच."

संध्याकाळी काकांच्या बागेतल्या घडांचा लगदा मी आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये घोटायला घेतला. मिठाचा डबा कपाटातच राहू दिला.