तुम्ही विचारलंत म्हणून : दूषित झालेला अलार्म धुऊन का घेत नाहीत?

नागपुरात नागरी संरक्षणाचे वर्ग घेताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : विषारी रसायनाची सूचना देणारा लष्करी अलार्म स्वतःच दूषित झाला, तर तो सरळ धुऊन का घेत नाहीत?

अशा अनेक यंत्रांत एक छोटा पंप सतत हवा आत ओढतो, निकेल-६३ सारख्या किरणोत्सारी स्रोताच्या साहाय्याने त्या हवेतील रेणूंवर विद्युतभार येतो, आणि ते विद्युतक्षेत्रातून किती वेगाने सरकतात यावरून सरिन किंवा मस्टर्डसारखे युद्धात वापरले जाणारे विष ओळखले जाते. या मार्गात पाणी शिरले की यंत्र निकामी होते. म्हणून द्रावणाने पुसायचे ते केवळ बाहेरचे कवच, तेही हवा ओढणारे तोंड झाकून आणि उत्पादकाने सांगितलेल्याच द्रावणाने. कारण ब्लीच धातूला खाते आणि त्याची वाफ आत गेली तर यंत्राचे वाचन, म्हणजे ते दाखवत असलेले विषाचे प्रमाणही, बिघडू शकते.

आतली सफाई हवाच करते. यंत्र वाऱ्याच्या वरच्या बाजूला, खात्रीच्या स्वच्छ हवेत नेऊन चालू ठेवायचे, तोंडाशी बसवलेला धूळफिल्टर बदलायचा आणि वाचन खाली येण्याची वाट पाहायची. हिंगाची डबी रिकामी केली तरी वास जात नाही, तसे विष नळीच्या भिंतींना धरून राहते आणि हळूहळू सुटते. व्हीएक्ससारखे जवळपास न उडणारे विष फार चिवट असते. मस्टर्ड तर सुमारे १४ अंश सेल्सिअसला गोठते, त्यामुळे नागपूरच्या डिसेंबरातल्या रात्री ते सुटायला जो वेळ घेईल तो मे महिन्यातल्या दुपारी घेणार नाही.

स्वच्छ हवेतही अलार्म वाजतच राहिला, तर दोष बहुधा यंत्रातच उरलेला असतो. पण तो तिथल्या माणसांकडूनही आलेला असू शकतो, हे मी आवर्जून शिकवतो. सांधेदुखीच्या मलमांत असणारे मिथाइल सॅलिसिलेट सरावात मस्टर्डच्या जागी वापरले जाते, इतके ते या यंत्रांना जवळचे वाटते. असे मलम चोळलेल्या हाताने यंत्र हाताळले की ते दचकू शकते. म्हणून वर्गात मी आधी सगळ्यांचे हातमोजे बदलायला लावतो आणि मगच यंत्राला दोष देऊ देतो.

वाचन शून्यावर आले की काम संपले, असे मात्र समजू नये. दूषित जागी न गेलेले दुसरे यंत्र शेजारी ठेवून दोन्हींची तुलना करावी आणि चाचणी-नमुन्याने यंत्राची जाण परत आली आहे का, ते तपासावे, कारण विषाचा जबर मारा बसलेले यंत्र काही काळ आंधळेही असू शकते. एवढे करूनही ते थांबत नसेल, तर किरणोत्सारी स्रोत असलेला कप्पा जागेवर कोणीही उघडू नये. यंत्र बंद पिशवीत घालून, वर दूषित असल्याची चिठ्ठी लावून कार्यशाळेकडे पाठवावे, आणि काढलेला धूळफिल्टरही दूषित कचऱ्यातच टाकावा.