रोल चौथा : पट्टा गेला

मंडळी, फिल्मचा चौथा रोल रविवारी घरी धुतला. ३६ पैकी ३१ फ्रेम स्वच्छ आल्या आणि तिसऱ्या रोलवर प्रकाश गळून आलेला काळा पट्टा पूर्ण गेला.

कॅमेरा बाबांचा, पेंटॅक्स के१००० हा फिल्म कॅमेरा. लेन्समध्ये ऊन शिरतंय असं मी धरून चाललो होतो. पण निगेटिव्ह खिडकीशी धरून भिंगाखाली पाहिली, तर काळा पट्टा फ्रेममध्ये न थांबता थेट कडेच्या भोकांपर्यंत गेलेला. लेन्समधून येणारा प्रकाश फ्रेमबाहेर जात नाही. म्हणजे गळती मागच्या झाकणातून. उघडून बघतो तर बिजागरीजवळच्या, प्रकाश अडवणाऱ्या फोमचं डांबर झालेलं, बोटाला लागलं की सुटेना. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथपिक घेऊन दीड तास खरवडलं. आधी शटरवर कागद ठेवा, पडदा कापडी आहे. झाकणाच्या खाचेत बोहरी आळीतून आणलेली काळी लोकर बसवली, बिजागरीपाशी फेल्टची पट्टी.

मग पहाटे मंडईत एचपी५ या कृष्णधवल फिल्मचा रोल संपवला. भाजीवाल्या मावशींच्या काट्यावरचा उजेड नेमका पकडला गेलाय, त्या एका फ्रेमवर मी फार खूश आहे.

धुताना नळाचं पाणी २९ अंश. बादलीत बर्फ टाकून २० वर आणलं. डी-७६ हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) पाण्यात एकास एक, ११ मिनिटं. बाबांच्या वेळी गल्लीतल्या स्टुडिओत रोल टाकला की काम संपायचं. आता स्वयंपाकघराचा ओटा हीच लॅब.

स्कॅनर नाही. लाइटबॉक्सवर निगेटिव्ह ठेवून २४ मेगापिक्सेलच्या डिजिटल कॅमेऱ्याने, मॅक्रो लेन्स लावून टिपतो. हे करताना एक गोष्ट मनात घोळत राहते. डी-७६ कोडॅकचं. माझ्या सेन्सरवरची लाल-हिरवी-निळी जाळी कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्याच स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता : ०.०१ मेगापिक्सेल, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. फिल्म विकणाऱ्या घरातच डिजिटल जन्मलं, आणि २०१२ च्या जानेवारीत त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. डिजिटलने फिल्म मारली असं मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण या डिजिटल कॅमेऱ्याशिवाय माझे रोल खणातच पडून राहिले असते, हे मान्य करायला हवं.

उरलेल्या पाच फ्रेम गेल्या त्या घामामुळे. चेंजिंग बॅगेत (अंधारात फिल्म रिळावर चढवायची काळी पिशवी) हात ओले झाले, फिल्म प्लॅस्टिकच्या रिळावर अडकली आणि दोन वेढे एकमेकांना चिकटले. तिथे डेव्हलपर पोचलाच नाही. पाचवा रोल सकाळी सहाला, रीळ रात्रभर पंख्याखाली वाळवून भरणार.