न वाचलेली शिफारसपत्रे

२ जून, रात्री उशिरा

ग्रॅज्युएशनचा समारंभ चार दिवसांवर आला आहे आणि माझ्या होमरूममधल्या २७ मुलांचे कागद अजून टेबलावर पसरलेले आहेत. अमेरिकेतल्या आमच्या या सरकारी हायस्कूलमध्ये नववीला जो गट एका शिक्षकाकडे सोपवला जातो, तो बारावीपर्यंत त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे ही मुले चार वर्षे रोज सकाळी माझ्यासमोर बसली आहेत, आणि त्यांतली बरीचशी अकरावीत माझ्याच रसायनशास्त्राच्या वर्गातही होती. समारंभाच्या पुस्तिकेत प्रत्येक सीनियरच्या, म्हणजे बारावीतल्या मुलाच्या, छायाचित्राखाली तीन ओळी छापल्या जातात : स्वभाव, आवड आणि पुढचा बेत. त्या ओळी मुलांनी स्वतःच लिहायच्या असतात. मी फक्त चुका दुरुस्त करून उद्या दुपारपर्यंत कागद छपाईला द्यायचे आहेत. तासाभराचे हे काम संध्याकाळपासून चालले आहे, कारण एकेका ओळीपाशी मी थांबते आहे.

आवडीची ओळ सर्वांनी मोकळेपणाने लिहिली आहे. एका मुलाला तर ती जागा पुरलेलीच नाही. तो चार वर्षे वहीच्या समासात पक्ष्यांच्या नोंदी करत आला आहे, आणि कागदाच्या मागच्या बाजूला त्याने खंड्याविषयी लिहिले आहे, की इथल्या खंड्यांमध्ये नराच्या छातीवर एकच निळसर पट्टा असतो, मादीच्या पोटावर मात्र आणखी एक तांबूस पट्टा असतो, म्हणजे या पक्ष्यात नरापेक्षा मादीच अधिक रंगीत असते. पुढच्या बेताच्या ओळीत त्याने 'अजून ठरलेले नाही' असे लिहिले होते आणि असे छापले तर चालेल का, हे विचारायला तो मधल्या सुटीत येऊन गेला. मी चालेल म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. सतराव्या वर्षी खंड्याकडे इतके नीट पाहणाऱ्या मुलाला काय करायचे ते ठरवायला थोडा वेळ लागला, तर त्यात काळजी करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

स्वभावाच्या ओळीशी मात्र बहुतेक सगळे अडखळले आहेत. नऊ जणांनी 'मेहनती' असे लिहिले आहे. हा शब्द त्यांना कॉलेजच्या अर्जांनी शिकवला, कारण शरद ऋतूभर ही मुले कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच भरायच्या अर्जाच्या, ६५० शब्दांच्या निबंधात स्वतःला बसवत होती आणि तिथे मेहनती असण्यावाचून गत्यंतर नव्हते. काहींनी शेजारच्याला विचारून लिहिले, आणि ती उत्तरे अधिक खरी उतरली आहेत. एका मुलीने एकच शब्द लिहिला आहे : 'हळू'. एका मुलाने ती ओळ कोरी ठेवली आहे.

'हळू' हा शब्द वाचून मी पेन खाली ठेवले. या मुलीविषयी ऑक्टोबरमध्ये मी दीड पानाचे शिफारसपत्र लिहिले होते आणि त्यातला सर्वांत मोठा परिच्छेद तिच्या या हळूपणाविषयीच होता. अकरावीत आम्ही आम्ल-अल्कली टायट्रेशन करत होतो, म्हणजे आम्लात थेंबथेंब अल्कली सोडून रंग बदलेपर्यंत ती किती लागते ते मोजत होतो. सगळ्या जोड्यांचे उत्तर १८.२ मिलिलिटरच्या आसपास येत होते, आणि हिच्या वहीत तीन वाचने होती : १९.६, १९.५, १९.६. इतरांचे आकडे फळ्यावर लिहिलेले होते; आपला आकडा त्यांच्याजवळ नेऊन ठेवणे अगदी सोपे होते. तिने तसे केले नाही. एक जुना आकडा चुकला होता, तोही तिने एकाच सरळ रेघेने असा खोडला होता की खालचे अंक वाचता यावेत. दुसऱ्या दिवशी ती शाळा सुरू होण्यापूर्वी आली आणि आपल्या टेबलावर कोणती बाटली होती, असे तिने मला विचारले. आम्ही दोघींनी शोधले, तेव्हा ती मागच्या सत्रातली, झाकण सैल राहिलेली सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली निघाली. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते द्रावण कमजोर झाले होते आणि म्हणून जास्त लागत होते. तिची वाचने बरोबर होती. चूक बाटलीत होती, आणि ती बाटली तिथे राहू दिली ही चूक माझी होती.

हे सगळे मी पत्रात लिहिले आणि ते पत्र सात कॉलेजांना गेले. पण तिने ते वाचलेले नाही. प्रवेश घेतल्यानंतर आपल्या फायलीतले शिफारसपत्र पाहण्याचा हक्क इथल्या विद्यार्थ्याला १९७४ च्या एका केंद्रीय कायद्याने दिलेला आहे. परंतु अर्ज भरतानाच, हा हक्क तुम्ही सोडता का, असे विचारले जाते, आणि विद्यार्थ्याने पाहिलेले नसेल तर पत्र अधिक विश्वासार्ह मानले जाते म्हणून जवळजवळ सगळी मुले तो सोडतात. या पद्धतीमागचे कारण मला कळते. शिक्षकाला मोकळेपणाने लिहिता यावे, हेही मला मान्य आहे. पण त्याचा परिणाम असा होतो, की मुलाचे जे खरोखर चांगले आहे ते आम्ही परक्या माणसांना तपशिलाने कळवतो आणि त्या मुलापर्यंत मात्र गुणांची टक्केवारीच पोचते. आमच्या लहानपणी प्रगतिपुस्तकावर निदान एक शेरा असे, आणि तो एका ओळीचा असला तरी घरी जाऊन दहा वेळा वाचला जात असे.

रात्री नऊच्या सुमारास मी तिचे ते पत्र पुन्हा उघडून वाचले, आणि तेव्हा मला जे दिसले त्यामुळेच आज ही नोंद लिहायला घेतली आहे. टायट्रेशन जोडीने करायचे असते. वही तिची होती, पण ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची तोटीची मोजनळी, तिच्या जोडीदाराच्या हातात होती, आणि तो जोडीदार म्हणजे कोरी ओळ ठेवणारा हा मुलगा. त्याचे काम मी जवळून पाहिले आहे. शेवट जवळ आला, की तो ब्युरेटची तोटी केसभर फिरवी, टोकाशी अर्धा थेंब लोंबकळू देई, तो फ्लास्कच्या काचेला टेकवून घेई आणि वॉश बॉटलच्या पाण्याने आत ढकलत असे. मग फ्लास्क पांढऱ्या कागदावर धरून तो फिकट गुलाबी रंग टिकतो का, ते पाहत राही. तीन वाचनांत ०.१ मिलिलिटरचाच फरक येण्यासाठी असा हात लागतो, आणि तो मी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांतही क्वचित पाहिला आहे. सगळ्या वर्गाचा आकडा वेगळा असताना तू आपल्या आकड्यावर ठाम कशी राहिलीस, असे मी त्या सकाळी तिला विचारले होते, तेव्हा तिने क्षणभरही विचार न करता सांगितले होते, "त्याचा हात चुकत नाही." पत्रात मी तिचा प्रामाणिकपणा लिहिला, चिकाटी लिहिली, बाटली शोधल्याची हकीकत लिहिली, आणि त्याचा उल्लेख 'तिचा प्रयोगातील जोडीदार' एवढाच केला. पत्र तिचे होते, म्हणून ते योग्यही होते. पण त्याच्यासाठी वेगळे पत्र मी कधी लिहिलेच नाही, कारण ते कोणी मागितले नाही.

तो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली उमेदवारीला जाणार आहे. पुढच्या बेताच्या ओळीत त्याने फक्त 'काम' असे लिहिले आहे, आणि तो शब्द फार कमी सांगतो. त्या उमेदवारीच्या प्रवेशासाठी बीजगणिताची आणि आकलनाची परीक्षा असते, नंतर मुलाखत होते. त्यांत उत्तीर्ण झाले, की चार-पाच वर्षे पगारी काम आणि त्याच्या जोडीला वर्ग असे शिक्षण चालते. ती परीक्षा त्याने मार्चमध्ये दिली आणि निकाल लागल्यावरच मला सांगितले. १ मे या दिवशी, जेव्हा बहुतेक कॉलेजांना आपला होकार कळवायचा असतो, तेव्हा आमच्याकडे सगळे सीनियर आपापल्या कॉलेजचे नाव छापलेला टीशर्ट घालून येतात आणि जिन्यावर एकत्र छायाचित्र काढले जाते. तो साधा निळा शर्ट घालून आला होता आणि छायाचित्राच्या वेळी कॅमेरा त्यानेच हातात घेतला. त्या दिवशी मला ते मदतीला पुढे होण्यासारखे वाटले. आज तसे वाटत नाही.

त्याच्यासारखे माझ्या वर्गात आणखी आहेत. एक मुलगा सैन्यात भरती होत आहे. तो सतरा वर्षांचा असल्याने आईवडिलांना सही करावी लागली. एका मुलीला तिला हवे होते त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. विद्यापीठाच्या आर्थिक मदतीचे पत्र आले तेव्हा आम्ही दोघी ते घेऊन बसलो. अनुदान आणि कर्ज एकाखाली एक लिहून बेरीज मोठी दाखवली होती, आणि कर्ज वेगळे काढल्यावर जे उरले त्यात तिथे जाणे शक्य नव्हते. ती आता दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी खर्चाच्या स्थानिक कॉलेजात, शिकून मग तिकडे बदली घेणार आहे. पुढच्या बेताच्या ओळीत तिने दोन्ही नावे लिहिली आहेत, दुसरे थोडे लहान अक्षरात. मी ते अक्षर तसेच ठेवा असे छपाईवाल्यांना सांगू शकत नाही. पुस्तिकेत दोन्ही नावे सारख्याच टाइपात येतील, आणि मला ते बरे वाटते.

२७ पैकी बारा मुलांसाठी मी कधीच कोणाला काही लिहिले नाही. ज्यांच्यासाठी लिहिले, त्या पंधरा जणांनीही ते वाचलेले नाही. समारंभाच्या दिवशी ही मुले टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घेतील आणि त्या क्षणापासून माझ्या हजेरीपटावर नसतील. म्हणून मी आज साधे रेघी कागद काढले आहेत. प्रत्येकाला एक पान, माझ्या हाताने लिहिलेले, आणि त्यात विशेषणे नकोत. मी जे स्वतः पाहिले ते एकेक, तारखेसकट असेल तर तारखेसकट. पंधरा जणांची पत्रे माझ्याकडे आहेत, त्यातून त्यांची पाने होतील. 'हळू' लिहिणाऱ्या मुलीला मी तिच्या वहीतला तो एका रेघेने खोडलेला आकडा आठवून देणार आहे.

सुरुवात मात्र कोऱ्या ओळीपासून केली. पहिल्या ओळीत १९.६, १९.५, १९.६ एवढे तीन आकडे लिहिले, त्याखाली अर्ध्या थेंबाची गोष्ट लिहिली, आणि शेवटी ती मुलगी काय म्हणाली होती ते तिच्याच शब्दांत लिहिले. तिची परवानगी उद्या सकाळी होमरूममध्ये सर्वांत आधी विचारायची आहे. तिने हो म्हटले, तर पान त्याला देईन आणि सोबत कोऱ्या ओळीचा त्याचा हा कागदही परत करीन. छपाईला कागद दुपारी जायचे आहेत. तोवर त्या ओळीत काही लिहायचे की नाही, ते त्याने ठरवावे.