पद्मिनीचे छत आणि जुन्या कापडाचे माप

गेल्या जानेवारीत १९७८ सालची एक प्रीमियर पद्मिनी माझ्या पुण्याच्या दुकानात छताच्या, म्हणजे आतून डोक्यावर दिसणाऱ्या अस्तराच्या, कामासाठी आली. मालक निवृत्त शिक्षक असून गाडी नवी घेतल्यापासून त्यांच्याकडेच आहे. छताचे दुधी रेक्झिन पिवळे पडून पापडासारखे कडक झाले होते आणि मागच्या काचेपाशी शिलाईवर उसवले होते. सरांची अट एकच होती : "शिलाया आत्ता जिथे आहेत तिथेच यायला हव्यात. वर पाहिल्यावर माझीच गाडी वाटली पाहिजे." अट मला मनापासून पटली आणि त्याच अटीपायी माझ्या हातून चूक झाली.

आजच्या गाड्यांचे छत म्हणजे साच्यात दाबलेला एकसंध पुठ्ठा असतो. पद्मिनीचे छत मात्र तंबूसारखे टांगलेले असते. कापडाच्या उलट्या बाजूला प्रत्येक आडव्या शिलाईवर नेफा शिवलेला असतो, नेफ्यात धनुष्यासारखी वाकवलेली पोलादी सळई ओवतात आणि सळईची दोन्ही टोके दारांच्या वरच्या पत्र्यातल्या भोकांत बसवतात. प्रत्येक सळईचा बाक वेगळा असल्यामुळे ती काढतानाच तिच्यावर क्रमांक आणि डावी-उजवी बाजू लिहून ठेवावी लागते. कापडाच्या पुढच्या-मागच्या कडा काचा उतरवून पत्र्याच्या कडेवर सोल्युशनने चिकटवायच्या आणि त्यांवर काचेचे रबर बसवायचे. बाजूच्या कडा दारांच्या बीडिंगखाली जातात. एवढा खटाटोप नको म्हणून अनेक जण सळयाच काढून टाकतात आणि फोमचे कापड थेट पत्र्याला चिकटवतात. दोन उन्हाळ्यांत सोल्युशन सुटते, कापड डोक्यावर लोंबू लागते आणि तोवर सळया भंगारात गेलेल्या असतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघणे बंद होऊन दोन दशके उलटली आहेत. भंगारात गेलेली सळई नवी आणायची कुठून, याचा विचार त्या कारागिरांनी केलेला नसतो. हा आळस मला अक्षम्य वाटतो.

सरांच्या गाडीत सगळ्या सळया शाबूत होत्या. मी जुने छत अलगद उतरवले, शिलाया उसवून प्रत्येक पट्टा वेगळा केला, तो नव्या रेक्झिनवर पसरून खडूने आखला, शिलाईची माया सोडून कापला आणि शिवला. शिलाया जुन्या जागी येण्यासाठी जुन्या कापडाइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही, असे मी धरून चाललो.

सकाळच्या थंडीत रेक्झिन ताठर होते, म्हणून ते तासभर उन्हात ठेवून मऊ केले. मग सळया ओवल्या, मधोमध खूण केली आणि पुढची कड चिकटवून मागे सरकू लागलो. तिसऱ्या सळईपाशीच हाताला काहीतरी खटकले. सळई उभी राहून पत्र्याला टेकायला हवी होती. ती पुढे झुकत होती. मागची कड ओढून पाहिली, तर ती पत्र्याच्या कडेपासून सव्वा इंच अलीकडेच थांबली. सगळ्या सळया वाऱ्याने कललेल्या उसासारख्या एका दिशेला वाकल्या होत्या.

कारण समजायला वेळ लागला नाही, आणि म्हणूनच ते अधिक लागले. रेक्झिन मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षांच्या उष्णतेने उडून जाते आणि कापड आकसते. चारही कडांना चिकटलेले असेपर्यंत ते ताणलेले राहते. कडा सोडवल्या की ते आणखी आखडते. प्रत्येक पट्ट्यात जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडला होता. एकेक पट्टा पाहिला तर कोणताच चुकलेला दिसत नव्हता. हे सारे मला ठाऊक होते. सीटची खोळ शिवताना जुन्या खोळीचे माप मी कधीच प्रमाण मानत नाही.

माझ्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "दादा, मागे पट्टी जोडू. जोड रबराखाली जाईल, सरांना कुठं कळणारे?" जोड खरोखरच झाकला गेला असता. पण सळया कललेल्याच राहिल्या असत्या, छत मागच्या बाजूला खाली आले असते आणि शिलाया सरांना हव्या होत्या तिथून पुढे सरकल्या असत्या. मी संध्याकाळी सरांना फोन केला, चूक माझी आहे, नव्या कापडाचा खर्च माझा आणि गाडी चार दिवस उशिरा मिळेल, असे सांगितले. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "बरं, सावकाश करा."

दुसऱ्या वेळी कापडाला हात लावण्याआधी नुसत्या सळया गाडीत बसवल्या, प्रत्येक सळई उभी करून चिकटपट्टीने पत्र्याला धरून ठेवली आणि एका सळईपासून दुसरीपर्यंतचे अंतर मधोमध, डावीकडे आणि उजवीकडे अशा तीन ठिकाणी मोजले. गाडीने दिलेले हे माप जुन्या कापडाच्या मापाशी कुठेच जुळले नाही. छत शिवून चढवले, सगळ्यांत मागची सळई तारेच्या आकड्यांनी पत्र्याला अडकवली आणि मधून कडेकडे हात फिरवत ताण दिला. कोपऱ्यांतल्या चुण्या हीट गनने काढल्या. शेवटी रबराच्या खाचेत सुतळी घालून काचा बसवल्या.

सर गाडी न्यायला आले तेव्हा पुढे न बसता मागच्या सीटवर बसले आणि बराच वेळ वर पाहत राहिले. मग जुने कापड आहे का, म्हणून त्यांनी विचारले. मी पट्टे गुंडाळून दिले. आकसलेला एक पट्टा मात्र त्यांना विचारून ठेवून घेतला. तो आता कातरकामाच्या टेबलावर खिळ्याला टांगलेला आहे आणि त्याच्या कडेला गाडीतले खरे माप खडूने लिहिले आहे.