पहिल्या वर्षाचा सा

आमच्या व्हायोलिन वर्गाच्या वार्षिक संमेलनात स्वागत, अहवालवाचन, पाहुण्यांचा परिचय हे सगळं रीतसर होतं, आणि व्हायलाच हवं. पण माझा जीव अडकलेला असतो तो त्यानंतर लगेच होणाऱ्या पहिल्या वर्षाच्या वादनात. जेमतेम चार-पाच मिनिटांचं काम. माझ्या दृष्टीने सगळं संमेलन त्यासाठीच असतं.

ही मंडळी राग वाजवत नाहीत. तानपुरा सुरू होतो आणि सगळे मिळून फक्त सा लावतात. आठ मात्रा गज, म्हणजे तारांवर फिरवायचा बो, एका दिशेला, आठ मात्रा परत. मग पंचम, पुन्हा सा, आणि शेवटी एक छोटा अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाने स्वरांचा पलटा. आमच्याकडे तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या असतात, म्हणजे सा आणि पंचम मोकळ्या तारांवरच वाजतात, अलंकार येईपर्यंत डाव्या हाताला काही कामच नाही. ज्याने हे वाद्य कधी हातात घेतलं नाही त्याला वाटेल, यात काय अवघड? सगळं अवघड यातच आहे. गज मुठीजवळ जड, टोकाकडे हलका. मुठीशी हात सैल ठेवायचा आणि टोकाकडे जाता जाता तर्जनीचा दाब वाढवत न्यायचा, नाहीतर आधी खरखर आणि शेवटी नुसती हवा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला गज समांतर राहायला हवा. तो तिरका झाला की आवाज फाटलाच. आणि मध्यावर आला की नवख्याचा गज थरथरतो. एवढं सगळं सांभाळून पंचवीस-तीस जणांचा एक सा जेव्हा जुळतो, तेव्हा दरवर्षी माझे डोळे भरून येतात.

एका वर्षीची छोटी मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे. अर्ध्या मापाचं व्हायोलिन, त्याचं टोक उजव्या पावलावर नीट टेकवलेलं, तारांखाली गजाला लावायच्या राळेची पांढरी भुकटी साचलेली. मधेच तिचा गज घसरून फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या पट्टीवर, गेला. ती थांबली. घाबरली नाही, बाईंकडे पाहिलं नाही. शेजारच्या आजोबांच्या कोपराकडे बघत राहिली आणि पुढच्या आवर्तनात बरोबर समेवर आत आली. ते आजोबाही पहिल्याच वर्षाचे. निवृत्तीनंतर शिकायला लागलेले, मुलांच्या रांगेत मांडी घालून बसलेले. त्या दोघांना एकाच ओळीत बसवणं ही बाईंची कल्पकता.

त्यानंतर तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी एखाद्या वादकावर पाच मिनिटं बोलतो. एकदा विषय गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) होता. बुवा जितक्या अधिकाराने गात तितक्याच अधिकाराने व्हायोलिन वाजवत, हे तो मुलगा इतक्या अभिमानाने सांगत होता, जणू घरातल्याच माणसाबद्दल बोलतोय. एकीने एन. राजम यांच्यावर बोलताना त्यांना लाभलेल्या गायक ओंकारनाथ ठाकुरांच्या तालमीबद्दल सांगितलं आणि मग तीच ओळ आधी गाऊन, नंतर वाजवून दाखवली. आमच्या बाई ‘आधी गळ्यातून, मग गजातून’ म्हणून का मागे लागतात, ते त्या दिवशी सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं. व्ही. जी. जोगांवर बोललेल्या मुलाने बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंदीबद्दल इतकं रंगून सांगितलं की त्याची वेळ कधी संपली ते कळलंच नाही. पाहुण्यांची भाषणं मी विसरते, ही नाही विसरत.

आता एक सल. आपल्या मुलाचं वादन झालं की पालक उठून जातात. मागच्या रांगा बघता बघता रिकाम्या होतात आणि चौथ्या वर्षाची मुलं खुर्च्यांसमोर वाजवतात. आणि जुने विद्यार्थी, जे याच सा-पासून निघाले, ते येतात थेट शेवटच्या वादनाला. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

मदतनीसांची नावं छापलेली त्यांना आवडत नाहीत, पण कामं तरी सांगायलाच हवीत. पडद्यामागे सगळी व्हायोलिनं सुरात लावून देणारी ताई सर्वांत आधी. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, दमट दिवशी खुंट्या अडकून बसतात, कोरड्या हवेत सुटतात, आणि तिला एकेका वाद्याला मिनिटभरही मिळत नाही. तबल्याची साथ करणारे दादा, जे लहानग्यांची लय पळाली तरी त्यांना सोडत नाहीत. पेटीवाले काका. ध्वनिव्यवस्था बघणारा मुलगा. जादा तारा आणि राळ खिशात घेऊन फिरणारा. सतरंज्या घालणारे आणि, कोणी बघत नसताना, घड्या घालणारे. क्रम लिहिणारी, क्रम बदलला की पुन्हा लिहिणारी. दारावर उभं राहून वादन चालू असताना कोणाला आत न सोडणारे दोघे. रिकाम्या केसवर नावाच्या चिठ्ठ्या लावणाऱ्या आई. आणि दुसऱ्या वर्षात जाणाऱ्यांच्या फिंगरबोर्डवरच्या, बोटांच्या जागा दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या काढून देणारा आमचा सर्वांत जुना विद्यार्थी. या वाद्याला सतारीसारखे पडदे नाहीत, तेव्हा पट्ट्या गेल्या की फक्त कान उरतो. हे काम बाई त्याच्याशिवाय कोणाला देत नाहीत. कोणी राहिलं असेल तर मला जरूर सांगा, मी इथे भर घालीन.

पहिल्या वर्षाचं वादन मध्यंतरानंतर ठेवा, म्हणजे उशिरा येणाऱ्यांनाही ऐकता येईल, अशी एक सूचना आली आहे. माझा तिला ठाम विरोध आहे. तासभर ताटकळलेल्या मुलांचे हात आखडतात, लावलेल्या तारा उतरतात. ती पहिलीच वाजवतील. ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी वेळेवर यावं.