तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या बारीक माणसाला स्लीप अ‍ॅप्निया कसा?

"अहो तुम्ही तर काडीपैलवान, तुम्हाला कुठून आला स्लीप अ‍ॅप्निया?" नातेवाईक विचारतात, ऑफिसात विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो. स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडकणं. वजनाचा संबंध असतोच, नाही असं नाही, पण माझ्या केसमध्ये घोळ हनुवटीत आहे (दाढीमुळे कळत नाही, बाजूने बघा).

कसं असतं, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात त्यामुळे ती सहजी मिटत नाही, पण तिच्या वरचा, जिभेच्या आणि पडजिभेच्या मागचा जो घसा आहे ना त्याला तसा आधारच नाही, तो उघडा राहतो स्नायूंच्या जोरावर. आणि जिभेला पुढे ओढणारा मुख्य स्नायू चिकटलेला कुठे, तर हनुवटीच्या आतल्या बाजूला. आता खालचा जबडाच लहान आणि मागे असेल तर जीभ पण मागेच बसणार ना, जागेपणी स्नायू सांभाळून घेतो, झोपलं की सैलावतो, आणि त्यात उताणं झोपलं तर संपलंच. डबा लहान, पोळ्या तेवढ्याच. जाड लोकांचा डबा बरेचदा बरा असतो पण आत भर जास्त, मानेत चरबी, आणि हो, जिभेत पण चरबी साठते, त्यामुळे वजन उतरवल्यावर त्यांना फरक पडतो. मला कोणी "वॉक चालू करा" म्हटलं की हसूच येतं. हाँगकाँगच्या चिनी आणि सिडनीच्या गोऱ्या पेशंटांची तुलना झाली होती, आजार तेवढाच असताना चिनी लोक वजनाने कमी पण जबड्याच्या हाडात जास्त अडचण असलेले निघाले.

"नाकाचं हाड वाकडं असेल, ऑपरेशन करून टाका" हा दुसरा सल्ला. नाक मोकळं झालं तर झोपेत हवा देणाऱ्या मशीनचा मास्क लावायला सोपं जातं हे खरं, पण नुसत्या त्याने अ‍ॅप्निया जाणं विरळाच.

सीपॅप, म्हणजे 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी आणलेलं ते मशीन, हवेच्या दाबाने घसा उघडा धरतं, जबडा असतो तिथेच. मी डेंटिस्टने बनवलेली, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी पट्टी लावतो, माझा आजार मध्यम म्हणून चाललं, ज्यांचा गंभीर आहे त्यांना सहसा आधी मशीनच सांगतात. काम करते पट्टी, फक्त सकाळी काढल्यावर पहिला चहा होईपर्यंत वरचे-खालचे दात एकमेकांना ओळखत नाहीत.